ज्यांनी नमुने काढले, त्यांना काम पूर्ण करू द्या

प्रति,
महासागर संशोधनाला अनुदान देणाऱ्या संस्था, संशोधन जहाजांचं वेळापत्रक ठरवणाऱ्या समित्या आणि आम्हाला कामावर ठेवणाऱ्या संशोधन संस्थांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी समुद्राच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजते. पीएचडी होऊन चार वर्षं झाली. या चार वर्षांत तीन कंत्राटं झाली, चौथं मिळेल की नाही ठाऊक नाही. जे या पत्रात लिहिणार आहे ते मी आधी ई-मेलने कळवलं होतं, दोनदा. उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

निमित्त झालं ते जहाजाच्या नव्या वेळापत्रकाचं. ज्या मोहिमेची आम्ही तीन वर्षं वाट पाहत होतो, तिच्यात नवख्या संशोधकांसाठी सहा बर्थ होते, ते दोनवर आणले गेले. आणि ज्या ठरलेल्या रेषेवर दर पाच वर्षांनी जाऊन तीच मोजमापं पुन्हा घ्यायची असा शिरस्ता होता, ती फेरी आता 'निधीच्या उपलब्धतेनुसार' होईल, असं चार ओळींच्या पत्राने कळवण्यात आलं. त्या चार ओळींत कुणाला काय वाटेल याचा विचार कुठेच नव्हता. ही एकाच समितीची गोष्ट असती तर मी तिलाच लिहिलं असतं. पण वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या समुद्रांवर काम करणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांशी बोलते तेव्हा प्रत्येकाकडे अशाच चार ओळी असतात.

आमचं काम नेमकं काय असतं ते आधी सांगते, कारण हे पत्र समितीबाहेरची माणसंही वाचतील.

जहाज समुद्रात एका ठरलेल्या जागी थांबतं, त्या जागेला आम्ही स्टेशन म्हणतो. धातूच्या गोल चौकटीत दहा-दहा लिटरच्या चोवीस बाटल्या उभ्या लावलेल्या असतात, वरची-खालची दोन्ही तोंडं उघडी. त्यांच्या खाली सीटीडी, म्हणजे क्षारता, तापमान आणि खोली सांगणारं यंत्र. विंचवरून, म्हणजे केबल गुंडाळणाऱ्या-सोडणाऱ्या यंत्रावरून, केबल सुटू लागते, मिनिटाला साधारण ६० मीटर. ४,००० मीटर खाली जायला तासाहून जास्त वेळ लागतो. वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबायचं, आदेश द्यायचा, की तिथली बाटली बंद होते. असं थांबत थांबत चौकट डेकवर येते तोवर तीनेक तास गेलेले असतात.

मग सगळे रांगेत उभे राहतात, आणि रांगेत ऑक्सिजनवाला पुढे असतो. बाटलीतलं पाणी हवेच्या संपर्कात आलं की त्यातला ऑक्सिजन बदलू लागतो, म्हणून त्याचा नमुना आधी. रबरी नळी काचेच्या लहान बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी हळू सोडायचं, बाटली भरली तरी थांबायचं नाही, तिच्या मापाच्या दोन-तीन पट पाणी बाहेर वाहू द्यायचं. एकही बुडबुडा राहता कामा नये. त्यात मँगनीज क्लोराईड, त्यावर अल्कलीत विरघळवलेलं आयोडाईड, बूच लावून बाटली उलटसुलट हलवायची. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असेल तर तपकिरी साका धरतो. फारच कमी असेल तर साका फिकट, जवळजवळ पांढरा राहतो. असा पांढरा साका मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि माझी खात्री झाली होती की रसायन घालताना माझ्याकडून चूक झाली. पुन्हा नमुना काढला. पुन्हा पांढरा. चूक झालीच नव्हती. ४०० मीटर खालचं ते पाणी खरोखरच प्राणवायूवाचून होतं.

ही पद्धत लायोश विंकलर यांनी १८८८ साली प्रसिद्ध केली. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, डॉक्टरेटचं काम करत होते. आजही जहाजावरचे सेन्सर बरोबर आहेत की नाहीत हे ठरवायला हीच पद्धत वापरतात.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाकडे येते. मी या पत्राला बसले ती त्याच्यामुळे.

एका मोहिमेत नवव्या स्टेशनपासून १४ नंबरची बाटली मला खटकत होती. बाटली गळते की नाही हे पाहायची साधी रीत आहे: वरची हवेची चावी बंद ठेवून खालची तोटी उघडायची. बाटली घट्ट असेल तर पाणी येत नाही. १४ नंबरमधून थेंब थेंब येत होतं. वाटलं, तोटीच खराब असेल. तोटी बदलली, तरी तेच. शेवटी तेराव्या स्टेशनआधी खालच्या झाकणाचं रबरी कडं काढून बॅटरीच्या उजेडात फिरवून पाहिलं, तर केसाएवढी चीर. कडं बदललं, गळती थांबली. नऊ ते बारा या चार स्टेशनांवरचे १४ नंबरचे आकडे वापरू नयेत, अशी नोंद मी नोंदपत्रकाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने केली. पुढच्या बाजूला जागा उरली नव्हती.

जहाज बंदराला लागलं त्यानंतर अकरा आठवड्यांनी माझं कंत्राट संपलं. आकडे तपासून, चुकीचे वगळून, सेन्सरशी जुळवून पाहायचं काम तेव्हा सुरूही झालं नव्हतं. मी मुदतवाढ मागितली. पूर्ण वर्षाची मागितली नव्हती, पाच महिन्यांची मागितली होती. मोहिमेच्या अनुदानात मोहिमेनंतरच्या पगाराची तरतूद नाही, असं उत्तर मिळालं. मी सामान बांधलं आणि दुसऱ्या संस्थेत, दुसऱ्या विषयावर रुजू झाले.

चौदा महिन्यांनी मला एका अनोळखी संशोधकाचा ई-मेल आला. माझ्या जागी आलेला. अतिशय नम्र, अतिशय कष्टाळू मुलगा. त्याने लिहिलं होतं की सलग चार स्टेशनांवर, ऑक्सिजन कमी असायला हवा नेमक्या त्याच थरात, तो थोडा जास्त दिसतो आहे. बाहेरून ताजं पाणी शिरल्याची ही खूण असावी का? त्याचं मसुद्याचं पहिलं पान तयार होतं. नोंदपत्रकं स्कॅन झाली होती, पण एकाच बाजूने.

मी माझी जुनी वही काढली, त्याला सगळं कळवलं, त्याने तो मसुदा बाजूला ठेवला. त्याने विचारलं म्हणून हे निभावलं. त्याने विचारलं नसतं तर? किंवा मी हे क्षेत्रच सोडून गेले असते आणि माझा ई-मेल बंद झाला असता तर? माझ्याबरोबर पीएचडी केलेल्यांतले कितीतरी जण आज या क्षेत्रात नाहीत. त्यांच्या वह्या कुठे आहेत, कुणाला माहीत?

१९६० पासूनच्या पन्नास वर्षांत जगाच्या महासागरांतला ऑक्सिजन २ टक्क्यांहून जास्त घटला आहे. ऐकायला आकडा लहान वाटतो. पण जिथे मुळातच ऑक्सिजन कमी, तिथल्या माशांना या घटीमुळे जगायला उरलेला थर आणखी पातळ होतो. आणि इतकी बारीक घट पकडायची तर दशकानुदशकांची मोजमापं एकमेकांशी जुळली पाहिजेत. चिरलेलं एक रबरी कडं अशी घट झाकू शकतं किंवा नसलेली दाखवू शकतं. ते कडं कुणी पाहिलं होतं, हे ज्या व्यवस्थेला अकरा आठवड्यांनी आठवत नाही, ती व्यवस्था समुद्राचं मोजमाप नीट करते आहे असं मला म्हणता येत नाही.

माझं तुमच्याकडे मुख्य मागणं तेवढंच आहे: समुद्रावर काम सुरू करणाऱ्याला ते काम पूर्ण होईपर्यंत ठेवा.

हे नवं नाही. चॅलेंजर हे ब्रिटिश संशोधन जहाज १८७२ मध्ये निघालं आणि १८७६ मध्ये परतलं. आजच्या सागरशास्त्राची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात. समुद्रावर साडेतीन वर्षं. पण अहवालाचे पन्नास खंड पुरे व्हायला १८९५ साल उजाडलं. मोहिमेचे प्रमुख वायव्हिल थॉमसन १८८२ मध्ये वारले. पुढचं सगळं काम तडीस नेलं जॉन मरे यांनी, जे त्या जहाजावर हाताखालचे निसर्गशास्त्रज्ञ म्हणून चढले होते. आणि त्यांच्यातला सर्वांत तरुण, रुडॉल्फ फॉन विलेमोस-झूम, पंचविशीत जहाजावर चढला आणि १८७५ मध्ये प्रवासातच वारला; त्याला काम पूर्ण करता आलं नाही ते मृत्यूने. चॅलेंजरवर घेतलेली तापमानं आजच्या तरंगत्या यंत्रांच्या तापमानांशी ताडून पाहून शास्त्रज्ञांनी महासागर किती तापला ते सांगितलं आहे, सव्वाशेहून अधिक वर्षांनी. कुणीतरी त्या नोंदी शेवटपर्यंत नीट लावल्या, म्हणून हे जमलं.

आता बाकीच्या तक्रारी. कंत्राटांविषयी आणखी थोडं सांगायला हवं. जहाजाचा वेळ दोन-तीन वर्षं आधी मागावा लागतो. आमची कंत्राटं एक-दोन वर्षांची. म्हणजे मोहिमेचा प्रस्ताव लिहिणारी तरुण व्यक्ती ती मोहीम निघेपर्यंत त्या संस्थेत असेलच असं नाही, आणि मोहिमेवर गेलेली व्यक्ती निष्कर्ष निघेपर्यंत असेलच असं नाही. गोठवलेले नमुने फ्रीजरमध्ये रांगेत, त्यांचं पृथक्करण करणारं यंत्र दुसऱ्या कुणाच्या वेळापत्रकात, आणि ज्याला नमुन्यांची भानगड ठाऊक तो तिसऱ्याच शहरात घर शोधत असतो. यात कुणाचा दुष्टपणा आहे असं मी म्हणत नाही. अनुदानाचं कॅलेंडर आणि समुद्राचं कॅलेंडर यांची गाठ घालून देण्याचं काम कुणाचंच नाही, एवढंच.

दुसरी तक्रार पुनर्मोजणीची. आमचा प्रस्ताव परत येतो तेव्हा बहुतेकदा एकच शेरा असतो: 'नावीन्य कमी'. त्याच जागी, त्याच पद्धतीने, पुन्हा मोजणं यात नावीन्य नसणारच, तोच त्याचा गुण आहे. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा ते तिशीच्या आत होते, एका सागरविज्ञान संस्थेत नोकरीला होते. १९६४ मध्ये पैसे कमी पडले आणि काही महिने मोजणी बंद राहिली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध आलेखात ती फट आजही आहे. नंतर कितीही पैसा आला तरी त्या महिन्यांतली हवा पुन्हा मोजता येणार नाही. त्या माणसाने हट्टाने पुढे चालू ठेवलं म्हणून फट लहान राहिली. बर्म्युडा आणि हवाईजवळची समुद्रातली नियमित मोजणी १९८८ पासून चालू आहे, आणि समुद्र आम्लाकडे सरकतो आहे हे ज्या नोंदींवरून इतकं स्पष्ट दिसतं, त्यांत या दोन्ही आहेत. त्यांच्या पहिल्या पाच वर्षांत कुणी नावीन्य शोधलं असतं तर काय हाती लागलं असतं?

यावर तुमच्या बैठकांत एक उत्तर हमखास येतं, की आता जहाजांची गरज कमी झाली, यंत्रं आहेत. यंत्रं आहेत, आणि ती विलक्षण आहेत. आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची पहिली तरंगती यंत्रं १९९९ मध्ये पाण्यात सोडली गेली, आज सुमारे ४,००० यंत्रं जगभर दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारून येतात आणि त्यांचे आकडे कुणालाही फुकट मिळतात. माझं निम्मं काम त्यांच्यावर चालतं. पण यंत्रातल्या सेन्सरचे आकडे हळूहळू खऱ्यापासून सरकतात, त्यांना जाग्यावर आणायला कुणीतरी त्याच पाण्यातला नमुना हाताने काढून मोजलेला असावा लागतो. नेहमीची यंत्रं २,००० मीटरखाली जात नाहीत, आणि महासागराचं निम्मं पाणी त्याच्याखाली आहे. शिवाय यंत्र कधी खोटं बोलतं हे ओळखणारा माणूस घडतो तो डेकवरच, गळकी बाटली हातात घेऊन. बर्थ सहावरून दोनवर आणता तेव्हा दहा वर्षांनी मोहिमेचं नेतृत्व कोण करणार, हेही तुम्ही ठरवत असता.

बर्थचंच बघा. यादीत शेवटी आमची नावं घालतात आणि काटछाट झाली की सुरुवात आमच्यापासून होते. एका मोहिमेआधी मला निघायच्या नऊ दिवस आधी कळलं की माझी जागा गेली. वैद्यकीय तपासणी झाली होती, समुद्रावर जीव वाचवण्याचं प्रशिक्षण झालं होतं, दोन्ही मी पदरचे पैसे घालून केलं होतं. ते पैसे परत मिळत नाहीत, कारण 'प्रवास झालाच नाही'. व्हिसा, विमा, परिषदेचं शुल्क, तिकीट, सगळं आधी स्वतः भरायचं आणि महिनोन्महिने परताव्याची वाट पाहायची. ज्याच्या घरी पैसे आहेत तो टिकतो. बाकीचे गुणवत्तेत कमी पडले म्हणून गेले, असं कृपा करून समजू नका.

जहाजावरच्या सुरक्षिततेबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतं आहे, कारण काही गोष्टी माझ्या नाहीत, मैत्रिणींच्या आहेत. एवढं सांगते. पाच-सहा आठवडे जमीन दिसत नाही. ज्याच्याबद्दल तक्रार करायची तो शेजारच्या केबिनमध्ये राहतो, एकाच टेबलावर जेवतो, आणि तक्रार ऐकून घेणारे मोहीमप्रमुख बहुतेक वेळा त्याचेच जुने सहकारी असतात. संपर्क साधायचा तर उपग्रहाचा फोन ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, सगळ्यांसमोर. मुली जहाजावर नकोत असं आता कुणी उघड म्हणत नाही. एकेकाळी म्हणत. भूवैज्ञानिक मारी थार्प यांनी १९५० च्या दशकात अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढला, मध्य अटलांटिक पर्वतरांगेच्या माथ्यावरची दरी त्यांनी ओळखली; ज्या जहाजांनी ते आकडे आणले त्या जहाजांवर जायला मात्र त्यांना बंदी होती. युनेस्कोच्या आंतरशासकीय सागरविज्ञान आयोगाच्या २०२० च्या अहवालानुसार महासागर शास्त्रज्ञांत आज ३९ टक्के स्त्रिया आहेत. दार उघडलं आहे. आत आल्यावर रात्रीच्या पाळीला केबिनचा दरवाजा आतून नीट लागतो का, हेही बघायला हवं ना?

आणि ज्यांच्याकडे जहाजच नाही त्यांचं काय? समोर समुद्र आहे, त्यातले बदल रोज डोळ्यांनी दिसतात, पण मोजायला जहाज बाहेरून येतं, नमुने घेतं, निघून जातं. स्थानिक संशोधकाचं नाव आभारात येतं. लेखकांच्या यादीत क्वचित. त्याच अहवालात असंही आहे की देश आपल्या संशोधनाच्या खर्चातला सरासरी १.७ टक्के महासागर विज्ञानाला देतात, आणि काही देशांत तो ०.०३ टक्क्यांइतका खाली आहे. जून २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करार संमत झाला, त्यात क्षमता वाढवण्यावर आणि तंत्रज्ञान देण्यावर स्वतंत्र भाग आहे. ते शब्द प्रत्यक्षात येतील की नाही हे पुढच्या मोहिमेच्या बर्थच्या यादीवरून कळेल.

श्रेयाबद्दल एक गैरसमज आधीच दूर करते. आकडे सर्वांसाठी खुले असावेत, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. आकडे खुले करायची मुदत घड्याळाप्रमाणे चालते, पण ज्याचं कंत्राट संपलं त्याचा पगार थांबलेला असतो. तो संध्याकाळी दुसरी नोकरी करून आल्यावर लेख लिहितो, आणि दरम्यान मोठ्या चमूने त्याच आकड्यांवर तीन लेख प्रसिद्ध केलेले असतात. त्यांनी काही चूक केलेली नाही. पण त्या आकड्यांच्या संचाबरोबर नमुने काढणाऱ्यांची नावं कायम जोडलेली असली, आणि तो वापरणाऱ्याने त्या नावांसह उल्लेख करणं बंधनकारक असलं, तर निदान पुढच्या मुलाखतीत दाखवायला आमच्याकडे काहीतरी राहील.

२०२१ ते २०३० हे संयुक्त राष्ट्रांनी महासागर विज्ञानाचं दशक म्हणून जाहीर केलं आहे. त्यात आमच्यासारख्या नवख्या लोकांसाठी वेगळं जाळं आहे, आम्ही त्यात मनापासून काम करतो, बिनपगारी करतो. कार्यक्रमांच्या व्यासपीठावर आमच्यासाठी खुर्ची असते, छायाचित्रांत आम्ही असतो. पण जहाजाचं वेळापत्रक आणि अनुदानाचे निकष ज्या खोलीत ठरतात तिथे आमचं मत मोजलं जात नाही. दशकाची निम्मी वर्षं सरली आहेत.

म्हणून स्पष्ट मागण्या करते.

मोहिमेचं अनुदान मंजूर करताना नमुने काढणाऱ्या तरुण संशोधकांचा पगार जहाज परतल्यानंतर किमान दीड वर्ष त्याच अनुदानात धरा. पैसे कमी असतील तर स्टेशनं कमी करा, माणसं कमी करू नका. हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. अर्धवट तपासलेल्या साठ स्टेशनांपेक्षा नीट तपासलेली चाळीस मला हवी आहेत.

प्रत्येक मोहिमेत नवख्यांसाठी ठराविक बर्थ राखून ठेवा, त्यातले काही ज्या देशांकडे जहाज नाही तिथल्या संशोधकांसाठी, आणि निघण्याआधी साठ दिवसांच्या आत ते कुणालाही काढून घेता येऊ नयेत. तपासणी, प्रशिक्षण, व्हिसा, प्रवास यांचे पैसे आगाऊ द्या.

दीर्घकाळच्या मोजणीसाठी वेगळा निधी करा, ज्याचा निकष नावीन्य हा नसून सातत्य आणि अचूकता हा असेल. ज्या फेरीच्या पत्रात 'निधीच्या उपलब्धतेनुसार' असं लिहिलं आहे, तिथे तारीख घाला.

जहाजावर मोहीमप्रमुखांच्या अधिकाराबाहेरची, किनाऱ्यावरच्या स्वतंत्र कक्षाला उत्तरदायी असलेली एक व्यक्ती नेमा, आणि त्या कक्षाशी खाजगीत बोलता येईल अशी सोय प्रत्येक जहाजावर करा. तक्रार करणाऱ्याचं पुढचं कंत्राट ज्याच्या शिफारशीवर अवलंबून आहे त्याच्याकडे ती तक्रार जाता कामा नये.

आकड्यांच्या संचांवर नमुने काढणाऱ्यांची नावं लावा. नोंदपत्रकं दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, हे तर उद्यापासून करता येईल, त्याला पैसे लागत नाहीत.

आणि वेळापत्रक व अनुदान ठरवणाऱ्या प्रत्येक समितीत आमच्यातले किमान दोन जण मताच्या अधिकारासह घ्या. एकच घेतला तर तो एकटा पडतो, म्हणून दोन.

तुमच्यातल्या अनेकांनी स्वतः तरुणपणी हे सगळं सोसलं आहे, हे मला माहीत आहे. माझ्या गाईड अजूनही त्यांच्या पहिल्या मोहिमेतली वही जपून ठेवतात आणि कधीतरी काढून दाखवतात. 'आम्हीही असंच केलं' हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे, आणि ते म्हणणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तुम्ही ते केलं तेव्हा पुढच्या जागेची आशा होती. आमच्यातल्या बहुतेकांना ती दिसत नाही. आणि तुम्ही मोजलेल्या समुद्राच्या मानाने आमचा समुद्र जास्त वेगाने बदलतो आहे. माणसाने सोडलेल्या हरितगृह वायूंमुळे अडकलेल्या जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून अधिक महासागराने सामावून घेतली आहे. त्याचे परिणाम आमच्या कामाच्या वर्षांत दिसणार आहेत आणि ते मोजायला कुणीतरी तिथे हजर असावं लागेल.

पुढच्या वेळापत्रकाची बैठक होण्याआधी या पत्राला लेखी आणि जाहीर उत्तर द्यावं, ही विनंती. मागण्यांपैकी जी मान्य नसेल तिच्यापुढे कारण लिहावं. कारण पटलं तर मी तेही जाहीरपणे मान्य करेन.

त्या दोन बर्थमध्ये माझं नाव नाही. ज्यांची नावं आहेत त्यांना माझ्या वहीतल्या १४ नंबरच्या पानाची प्रत मी पाठवली आहे, सोबत रबरी कडी कुठल्या कपाटात असतात तेही लिहून. कडं दर स्टेशनला काढून बघा, असं त्यांना सांगितलं आहे.

आपली विश्वासू,
एक पोस्टडॉक संशोधक
(कंत्राटाचे उरलेले महिने: पाच)